चार स्क्रू, चार खुणा

"बाबा, आई गेली."

सावनीने हे दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा प्रल्हाद सबनीस "हं" एवढंच म्हणाले. डाव्या हाताने फोन कानाशी धरलेला होता. समोर टेबलावर, व्हाइस नावाच्या पकडीच्या रबरी जबड्यांत, डोना नावाच्या बाईची शिकारीची बंदूक होती. बंदुकीच्या पाठीवर त्यांनी नुकतीच पोलादी पट्टी ठेवली होती आणि पट्टीचे चार स्क्रू छोट्या चावीने, बोटांच्या जोरावर, टेकवून ठेवले होते.

"रक्ताची गाठ झाली होती म्हणतात. पायातून वर गेली. पाच मिनिटांत सगळं... बाबा, ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"मी हॉस्पिटलात खाली कॉफी आणायला गेले होते हो. नुसती कॉफी आणायला."

"तू आधी कुठेतरी बस. मी निघतो."

फोन संपला आणि ते निघाले. कोट खुंटीवरच राहिला. काउंटरपाशी बंदुकांच्या दुकानाचा मालक डेल एका गिऱ्हाइकाला हातमोजे दाखवत होता. "प्राल, काय झालं?" त्याने विचारलं. पाच वर्षांत प्रल्हाद हे नाव काही त्याच्या जिभेवर बसलं नव्हतं. सबनीस म्हणाले, "माझी बायको," आणि दार ढकलून बाहेर पडले.

ती दोन नोव्हेंबरची सकाळ होती. मिशिगनमध्ये बंदुकीने हरीण मारायचा हंगाम पंधरा नोव्हेंबरला उघडतो, मग तो कुठलाही वार असो. दुकानात त्या दिवसांत उभं राहायला जागा नसते.

सबनीसांनी आयुष्यात कधी गोळी झाडली नव्हती. घरी अंडंसुद्धा शिजत नसे. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची पंधरा वर्षं गेली, मग इथे नोव्हायला मोटारींचे भाग करणाऱ्या कंपनीत वीस. ती बंद पडल्यावर ते घरी बसले. आठवड्याभरात त्यांनी स्वयंपाकघरातली सगळी बिजागरं, नळ आणि कढईचे कान घट्ट करून टाकले. मग त्यांच्या पत्नी मालिनीबाई म्हणाल्या, "आता बास. तुम्ही लावलेलं लोणच्याच्या बरणीचं झाकण मला उघडत नाही. कुठेतरी नोकरी बघा, पण माझ्या घराला हात लावू नका." ग्रँड रिव्हर रस्त्यावर डेलच्या दुकानात "बारीक हाताचा माणूस हवा" अशी पाटी होती. तिथे ते गेले.

काम एकच. बंदुकीवर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवून द्यायची. स्कोप बंदुकीवर थेट बसत नाही. खाली पट्टी किंवा दोन ठोकळे, त्यांच्यावर दोन कड्या, आणि कड्यांमध्ये स्कोप. खालचा स्क्रू केसभर हलला तर शंभर यार्डांवर गोळी वीतभर चुकते. सबनीसांची पद्धत ठरलेली होती. स्क्रू आधी चावीने टेकवायचा. मग एका ठरावीक जोराला टक् असा आवाज करून थांबणारा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, दुसऱ्या हाताने पट्टी दाबून धरायची, आणि स्क्रू आवळायचा. मग स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीवर येईल अशी एक बारीक रेघ रंगाने ओढायची. पुढे कधी स्क्रू फिरलाच तर रेघ तुटते, लगेच कळतं. आवळल्याशिवाय रेघ नाही, हा टूलरूमचा नियम. डेलकडे रंग नव्हता म्हणून त्यांनी घरातलं मरून नेलपॉलिश नेलं.

"सावनीच्या लग्नात घेतलेलं आहे ते," मालिनीबाई म्हणाल्या होत्या.

"तू कुठे लावतेस?"

"मी लावत नाही म्हणून काय बंदुकीने लावायचं?"

पण बाटली त्यांनीच कागदात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातली.

डोना ऑक्टोबरमध्ये आली होती. शाळेची बस चालवणारी, बुटकी, पंचावन्नची बाई. बंदूक तिच्या नवऱ्याची. तो मार्चमध्ये गेला होता. काउंटरवर मांडलेल्या माउंटांकडे, म्हणजे पट्ट्या-कड्यांकडे, बघून ती म्हणाली, "यातलं चांगलं कुठलं?"

"ते तुमच्या मानेवर ठरेल," सबनीस म्हणाले. त्यांनी तिला बंदूक खांद्याला लावायला सांगितली. तिने मान ताणली, डोळा पुढे नेला, तरी स्कोपमध्ये तिला निम्मं काळंच दिसत होतं.

"तो सहा फूट दोन इंच होता," डोना म्हणाली. "त्याची मान बगळ्यासारखी होती."

नवऱ्याचे दोन सुटे ठोकळे होते. त्यांच्यावर स्कोप मागे सरकायला जागा नव्हती. सबनीसांनी ते काढून एक सलग पोलादी पट्टी निवडली, खाचाच खाचा असलेली, म्हणजे स्कोप दीड इंच मागे घेता येईल. कड्या बुटक्या घेतल्या, म्हणजे गाल लाकडावरून उचलावा लागणार नाही. डेलने महागाच्या उंच कड्या पुढे केल्या होत्या, त्या त्यांनी परत ठेवल्या.

"मला एकदाच त्याच्या जागेवर जाऊन बसायचंय," डोना म्हणाली. "एक हरीण. फ्रीझर भरेल. मग मी ही बंदूक ठेवीन की विकीन, ते बघू."

हे त्यांनी घरी सांगितलं. मालिनीबाई भाजी निवडता निवडता थांबल्या. मग म्हणाल्या, "तिचं काम नीट करा हं."

गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या सकाळी त्याच म्हणाल्या, "अहो, माझ्या गुडघ्याकडे किती वेळ बघत बसणार? सावनी आहे ना. त्या बाईचं काम करून या. पंधरा तारीख आली." म्हणून ते दुकानात गेले होते.

*

तेरावा चौदा तारखेला झाला. ट्रॉयहून भटजी आले, नोव्हायची चार कुटुंबं आली, कोणी पोळ्या आणल्या, कोणी कोशिंबीर. पंधराला संध्याकाळी सावनीचं कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला परत जायचं विमान होतं. सकाळी ती म्हणाली, "बाबा, दुकानातून तुमचा कोट आणू या. तेवढंच बाहेर पडणं होईल."

दुकानात शुकशुकाट होता. गिऱ्हाइकं सगळी जंगलात. डेलने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "तुझ्या टेबलाला मी हात लावलेला नाही. फक्त डोनाची बंदूक घेतली. तुझ्या लाल रेघा होत्याच. वर कड्या आणि स्कोप मी चढवला. ती शूटिंग रेंजवर जाऊन आली. तीन गोळ्या, तिन्हींची भोकं कॉफीच्या कपाखाली झाकतील एवढी जवळ. बाई खूश होती."

सबनीस टेबलापाशी गेले. नेलपॉलिशच्या बाटलीचं टोपण नुसतं टेकवलेलं होतं. आतला ब्रश टोपणासकट चिकटून बसला होता. शेजारी छोटी चावी. पलीकडे ड्रायव्हरची पेटी, आणि तिच्या झाकणावर त्यांचा जेवणाचा डबा. रोज सकाळी आल्यावर ते डबा पेटीवर ठेवत आणि पेटी उघडायची वेळ आली की बाजूला करत. डबा पेटीवरच होता. तेरा दिवसांचा वास येत होता.

ते उभ्या उभ्या त्या डब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि दोन तारखेचा कॉल शोधला. सावनी, एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. डाव्या हातात फोन होता. आवळायला दोन हात लागतात. एका हाताने फक्त रेघ ओढता येते.

"डेल," ते म्हणाले, "मी ते स्क्रू आवळले नाहीत."

"रेघा होत्या, प्राल."

"रेघा ओढल्या. आवळले नाहीत."

डेलने टोपी काढली, परत घातली. "तीन गोळ्या बरोबर गेल्यात."

"तीन जातात. टेकवलेला स्क्रू तीन गोळ्या धरतो. चौथीला सुटतो, नाहीतर ट्रकमध्ये खड्ड्यांतून जाताना सुटतो. स्कोप वर असतो, खालचं दिसत नाही."

डेलने डोनाला फोन लावला. लागला नाही. "कॅम्पवर रेंज नाही. ग्रेलिंगच्या पुढे. तिचा नवरा बॉब होता तेव्हा मी गेलोय तिथे." त्याने पावतीच्या मागे नकाशा काढला.

सबनीसांनी पेटी उचलली, बाटली खिशात टाकली आणि कोट घातला. बाहेर गाडीत सावनी बसलेली होती.

"मला ग्रेलिंगला जायचंय," ते म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी सांगितलं. स्क्रूचं सांगितलं, फोनचं सांगितलं नाही. सावनीने फोनवर अंतर बघितलं.

"साडेतीन तास, बाबा. माझी फ्लाइट आहे."

"मी एकटा जातो."

"मोतीबिंदूचा डोळा घेऊन? हायवेवर?" तिचा आवाज चढला. "आई गेली तेव्हा तुम्ही बंदुकीपाशी होतात. काल तेरावा झाला. आजही तुम्हाला बंदूकच? दुसऱ्या कुणाला पाठवा ना! पोलिसांना सांगा!"

"पोलिसांना स्क्रू आवळता येणार नाहीत."

सावनीने तोंड फिरवलं. मग नाक पुसलं, गाडी सुरू केली आणि म्हणाली, "पत्ता टाका."

*

पंच्याहत्तर नंबरच्या हायवेवर उलट दिशेने ट्रक येत होते. सकाळीच ज्यांना मिळालं होतं ते परत निघाले होते. ट्रकच्या मागून हरणांचे पाय वर आलेले दिसत. सावनी बघायची आणि नजर काढून घ्यायची. सबनीस मोजत नव्हते. त्यांच्या डोक्यात एकच होतं. बंदुकीची गोळी जिथे जायची तिथे जात नाही, म्हणजे ती दुसरीकडे कुठेतरी जाते. त्या दुसऱ्या ठिकाणी काय असेल, कोण असेल, हे इथे बसून सांगता येत नाही.

"ती बाई मेली वगैरे नसेल ना?" सावनीने बे सिटीच्या पुढे एकदम विचारलं.

"बंदूक हातात फुटत नाही. नेम चुकतो."

"मग एवढं काय? हरीण वाचेल उलट."

"पूर्ण चुकला तर वाचेल," सबनीस म्हणाले.

ग्रेलिंगनंतर डांबर संपलं. दोन्ही बाजूंना निष्पर्ण झाडं, मध्ये वाळूची वाट. लांब कुठेतरी बार झाला. मग दुसऱ्या बाजूला. सावनीने काच वर घेतली. नकाशातल्या तिसऱ्या वळणावर लाकडी केबिन दिसली आणि पायरीवर, भडक नारिंगी जाकीट घालून, डोना बसलेली दिसली. बंदूक शेजारी भिंतीला टेकवलेली होती.

तिने त्यांना ओळखलं, पण उठली नाही. "मिस्टर प्राल? तुम्ही इथे?"

"तुम्ही गोळी झाडलीत?"

"सकाळी नऊला." ती हातांकडे बघत होती. "मोठा नर. सत्तर यार्डांवर आडवा उभा. एवढा सोपा की बॉब हसला असता. खांद्यामागे नेम धरला. गोळी पोटात लागली. पाठ कमानीसारखी वाकवून तो पळाला. रक्त बघितलं, त्यात हिरवं होतं. पोटात गोळी लागली की हरीण लगेच मरत नाही. सहा-सात तास मरत असतं. लगेच मागे गेलं तर आणखी लांब पळतं, म्हणून थांबावं लागतं. मी थांबलेय." मग ती म्हणाली, "मी दचकले असणार. मला हे करायलाच नको होतं. विकून टाकते ही."

"बोल्ट उघडा," सबनीस म्हणाले. "गोळ्या काढा."

तिने काढल्या. सबनीसांनी बंदूक गुडघ्यांवर घेतली, डाव्या हाताने नळी धरली आणि उजव्या हाताने स्कोप बाजूला दाबला. काहीतरी हललं. फार थोडं. सावनीलासुद्धा दिसलं.

"तुम्ही दचकला नाहीत," ते म्हणाले. "माझी चूक आहे. खालचे चार स्क्रू मी आवळले नव्हते. आवळले आहेत अशी खूण मात्र केली होती."

डोनाचा चेहरा हळूहळू बदलला. "आवळले नव्हते, तर खूण कशाला केलीत?"

"फोन आला होता. फोन कानाला होता आणि एक हात मोकळा होता. हाताने पुढचं काम करून टाकलं. मला माहीत नव्हतं. आज सकाळी कळलं."

"कसला फोन?"

सबनीसांनी सावनीकडे बघितलं नाही. "हिचा. माझी बायको गेली ते सांगणारा."

जंगलात पुन्हा एक बार झाला. सावनी पायरीच्या कठड्याला धरून उभी होती. "मी सांगत होते तेव्हा?" ती मराठीत म्हणाली. "तुम्ही हं, हं म्हणत होतात तेव्हा?"

"हो."

"मला वाटलं तुम्ही ऐकतच नव्हता." ती थांबली. "मला तुमचा राग आला होता, बाबा. अजूनही होता."

"ऐकत होतो गं. हात ऐकत नव्हते."

डोनाला शब्द कळले नाहीत. ती उठली आणि दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा तिचा आवाज कडक होता. "तुमच्या बायकोचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण तो तिकडे पोटात गोळी घेऊन पडलाय, आणि ते मी केलंय. तुम्ही केलंत म्हणालात तरी ट्रिगर मीच ओढला."

"हो," सबनीस म्हणाले.

"आधी ते नीट करा."

त्यांनी पेटी उघडली. स्कोप कड्यांसकट उचलून बाजूला ठेवला. खाली पट्टी, चार स्क्रू, चार मरून रेघा. दोन रेघा सरळ होत्या. पुढच्या दोन स्क्रूंच्या रेघा मधोमध तुटून डोक्यावरचा अर्धा भाग बाजूला सरकला होता. वर स्कोप नसता तर आधीच कुणालाही दिसलं असतं. त्यांनी नखाने चारही रेघा खरवडल्या. मग डाव्या तळव्याने पट्टी दाबून धरली आणि एकेक स्क्रू आवळला. पहिला पाव फेरा फिरला आणि टक् झालं. दुसरा जवळजवळ अर्धा. सावनी वाकून बघत होती. चौथ्याला टक् झाल्यावर तिने त्यांच्या कोटाच्या खिशातून डोकावणारी बाटली काढली.

"ही आईची ना? माझ्या लग्नातली?"

"हो."

तिने टोपण फिरवून बघितलं. जोर लावल्यावर निघालं. आत बुडाशी थोडं घट्ट नेलपॉलिश उरलं होतं. "होईल अजून. रिमूव्हरचे दोन थेंब घातले की होईल." तिने बाटली पुढे केली.

सबनीसांनी मान हलवली. "नको. आत्ता नको." त्यांनी रेघा न ओढताच स्कोप परत चढवला.

*

तीन वाजता डोनाने दोघांना नारिंगी जाकिटं दिली आणि तिघं निघाली. ती पुढे, सावनी मध्ये, सबनीस मागे. रक्त फार नव्हतं. पानावर एक थेंब, वीस पावलांवर दुसरा. थेंब सापडला की डोना तिथल्या फांदीला टॉयलेट पेपरचा तुकडा बांधायची. बॉबची ही रीत होती. मागे वळून बघितलं की झाडांमधून पांढऱ्या तुकड्यांची ओळ दिसायची, हरीण गेलं तशी वाकडीतिकडी.

एका जागी तिला काहीच सापडेना. सावनी गुडघ्यांवर बसली. कॅलिफोर्नियात मीटिंगांमध्ये बसणारी मुलगी, ओल्या पानांवर हात टेकून बघत होती. "हिअर," ती म्हणाली. मग सबनीसांकडे बघून म्हणाली, "बाबा, इथे. इथे बसलं होतं." पानं दबलेली होती. सबनीसांनी त्या खळग्यावर हात ठेवला. गार होता.

तिथून माग सीडरच्या झाडांच्या दलदलीत शिरला. पाणी घोट्यापर्यंत, मग त्याहून वर. पाण्यात रक्त दिसत नाही. साडेपाचला उजेड गेला. लांबवर कोल्ह्यांसारखं काहीतरी ओरडलं.

"कायोट," डोना म्हणाली. "आता त्यांना आपल्याआधी सापडेल."

सावनीचं विमान एव्हाना सुटलं असेल. रात्री केबिनमध्ये डोनाने डब्यातलं सूप गरम केलं. त्यात मांस होतं म्हणून सबनीसांनी नुसता पाव खाल्ला. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता. मान खरोखर लांब होती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून तिघांनी दलदलीची पलीकडची कड धुंडाळली. दुपारी बर्फ पडायला लागलं. आधी विरळ, मग गपागप. तासाभरात पानं झाकली गेली, खुरांचे ठसे झाकले गेले, फांद्यांना बांधलेले कागद झाडांपासून वेगळे दिसेनात. डोना थांबली. "बास," ती म्हणाली.

निघताना तिने बंदूक गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. "तुमच्याकडे राहू दे."

"आता ती बरोबर आहे," सबनीस म्हणाले. "रेंजवर एकदा तपासली की झालं."

"मग तपासा. तुम्हाला खात्री झाली की मला सांगा. मला झाली की मी येईन."

सावनी अठराला गेली. वाटेत त्यांनी तिला डब्याचंही सांगितलं होतं. विमानतळावर तिने त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावलं, आई लावायची तसं, आणि म्हणाली, "जेवणाचा डबा पेटीवर नका ठेवत जाऊ."

हंगाम संपून आता आठवडा झाला. डेल दुकान सहाला बंद करतो. सबनीस त्याच्या आधी अर्धा तास टेबल आवरतात. डोनाची बंदूक व्हाइसशेजारच्या खणात, कापडात गुंडाळलेली आहे. रेंजवर डेलने तिच्यातून दहा गोळ्या झाडल्या, दहाही एका जागी गेल्या. नेलपॉलिशमध्ये सबनीसांनी रिमूव्हरचे दोन थेंब घातले आहेत, ते पातळ झालं आहे. डोनाला त्यांनी अजून फोन केलेला नाही. स्कोप खोलून चार स्क्रूंवर खुणा करायच्या राहिल्या आहेत, आणि हरीण सापडलेलं नाही.